रायनरचे शिकागो, तीन ट्रॅक आणि दोन बाजू : ‘लिव्हिंग स्टीरिओ’च्या नव्या आवृत्त्यांची पारख

संचालक फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदाने वाजवलेली रिम्स्की-कोर्साकोव्हची ‘शेहेराझाद’ एकाच स्वरूपात घ्यायची असेल, तर अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सची २०० ग्रॅमची एलपी घ्या. त्याच जोडीचे रिचर्ड श्ट्राउसचे ‘झरथुष्ट्र’ हवे असेल, तर एलपीच्या मागे न लागता बीएमजीची जुनी एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीहून बारीक नोंद असलेली डिस्क) शोधा. कंपनी आरसीए (‘लिव्हिंग स्टीरिओ’ ही तिचीच मालिका), हॉल तोच, संचालक तोच, तरीही शिफारस वेगळी. कारण दोन्ही टेपा वेगळ्या जातीच्या आहेत आणि दोन्ही रचना एलपीच्या खाचेत वेगवेगळ्या ठिकाणी अडतात. बाजारात चर्चा होते ती ग्रॅमची, जाड पुठ्ठ्याच्या कव्हरची आणि क्रमांक टाकलेल्या मर्यादित प्रतींची. खरे प्रश्न तीनच : टेप कोणती वापरली, ती दोन चॅनलांत कुणी उतरवली, आणि एका बाजूवर किती मिनिटे कोंबली आहेत.

आधी टेपांबद्दल. आरसीएने शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये पहिली स्टीरिओ ध्वनिमुद्रणे केली ती ६ आणि ८ मार्च १९५४ ला. रायनरचा शिकागोतला तो पहिलाच हंगाम. श्ट्राउसच्या ‘आइन हेल्डनलेबन’ आणि ‘झरथुष्ट्र’ या दोन रचना तेव्हा दोन मायक्रोफोनांवर, पाव इंची टेपवर, दोन ट्रॅकमध्ये, सेकंदाला ३० इंच वेगाने घेतल्या गेल्या. स्टीरिओ एलपी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती १९५८ मध्ये आली. त्यामुळे ‘झरथुष्ट्र’ची मोनो रेकॉर्ड १९५४ मध्ये निघाली आणि स्टीरिओ रेकॉर्ड थेट १९६० मध्ये. मधल्या काळात ज्यांच्याकडे रीळ-यंत्र होते त्यांनी स्टीरिओ टेपा विकत घेऊन ऐकल्या.

पुढे आरसीएने अर्धा इंची टेप आणि तीन ट्रॅक वापरायला सुरुवात केली : डावा, मधला, उजवा. मधला ट्रॅक एकल वाद्याला आणि लाकडी सुषिर वाद्यांना जागेवर धरून ठेवतो. हे तीन ट्रॅक मग दोन ट्रॅकच्या दुसऱ्या टेपवर मिसळले जात आणि त्या दुसऱ्या टेपवरून रेकॉर्ड कापली जाई. अशा प्रत्येक नकलेत टेपची स्वतःची सळसळ भर घालते. दोन्ही टेपा सारख्याच असतील तर हिशेबाने ३ डेसिबल. डॉल्बीची सळसळ कमी करणारी यंत्रणा १९६६ मध्ये आली, म्हणजे या सगळ्या टेपा तिच्या आधीच्या. शिवाय त्या काळच्या साध्या कार्ट्रिजना (सुई धरणाऱ्या भागांना) झेपावे म्हणून कापताना खर्ज आवळला जाई. आरसीएच्या सुरुवातीच्या स्टीरिओ छपाईच्या, ‘शेडेड डॉग’ लेबलच्या प्रतींवर लोक अजूनही वाटेल ते पैसे ओततात, पण टेपवरचा खालचा सप्तक त्यांतल्या अनेकींवर पुरता उतरलेलाच नाही.

नव्या आवृत्त्यांची वंशावळ थोडक्यात अशी. १९८० च्या दशकात चेस्कीने काही एलपी काढल्या. १९९४ पासून क्लासिक रेकॉर्ड्सने बर्नी ग्रंडमनकडून कापून घेतलेली मोठी मालिका आणली. २००४-०५ मध्ये बीएमजीने बॉस्टनच्या साउंडमिररकडून मूळ टेपा डीएसडीत (एसएसीडीच्या डिजिटल स्वरूपात) उतरवून एसएसीडी काढल्या. २०१३ पासून कॅन्ससमधल्या सलाइना गावच्या अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सने पंचवीस शीर्षके पुन्हा आणली. त्यांचे कटिंग स्टर्लिंग साउंडमध्ये रायन के. स्मिथने केले आणि छपाई त्यांच्याच क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्जमध्ये झाली.

क्लासिकच्या प्रती आजही जुन्या बाजारात मिळतात. त्यांचा खर्ज घट्ट आणि खोल आहे, पण व्हायोलिनांचा ताफा जोरात आला की वरच्या पट्टीत किंचित धार येते. तेजस्वी कार्ट्रिज असेल तर ती टोचते. अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सच्या प्रतींत ही धार नाही. तिथे तंतुवाद्यांचा वरचा भाग मोकळा आहे, चकचकीत नाही, आणि हॉलची खोली जास्त कळते. पृष्ठभागाची शांतता हा तर सरळसरळ दुसऱ्या मालिकेचा विजय आहे. क्लासिकच्या जुन्या मालात बारीक चटचट नशिबाने टळते.

‘शेहेराझाद’ : एलपी का

ही टेप ८ फेब्रुवारी १९६० ची, तीन ट्रॅकची. एकल व्हायोलिन तेव्हाचे मुख्य वादक सिडनी हार्थ यांचे. दोन्ही बाजूंना दोन-दोन भाग, प्रत्येक बाजू वीस मिनिटांच्या थोडी वर. म्हणजे लांबी जास्त आहे, पण हाताबाहेर नाही. सुरुवातीला पितळी वाद्यांतून सुलतानाची धमकी येते तेव्हा ट्रॉम्बोन आणि ट्यूबा मागच्या भिंतीपाशी बसलेले आहेत हे कळले पाहिजे. ते पुढे आलेले वाटले तर आवृत्तीत किंवा तुमच्या जुळणीत खोट आहे. हार्थचे व्हायोलिन मध्याच्या किंचित डावीकडे, एका माणसाच्या रुंदीचे यायला हवे. ते तीन फूट रुंद दिसत असेल तर स्पीकर फार आत वळवलेले आहेत किंवा एकमेकांपासून फार लांब आहेत.

चौथ्या भागात जहाज फुटते तो क्षण, टॅमटॅमच्या (मोठ्या धातूच्या थाळीच्या) आघातासकट, बाजूच्या अगदी शेवटी नाही. त्यानंतर काही मिनिटांचे शांत संगीत उरते. हे एलपीच्या पथ्यावर पडते. सगळ्यात कडक भाग सगळ्यात आतल्या खाचेत गेला असता तर हीच शिफारस उलटी झाली असती. शेवटी उरतो तो व्हायोलिनचा अतिउंच, लांब धरलेला स्वर आणि त्याखाली सुषिर वाद्यांचा मंद आधार. भोक मध्यावर नसलेली प्रत ओळखायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्याबद्दल पुढे.

एसएसीडीवर हीच रचना स्ट्राविन्स्कीच्या ‘साँग ऑफ द नाइटिंगेल’बरोबर आहे आणि तिचा तीन चॅनलांचा थर हा स्वतंत्र अनुभव आहे. तीन ट्रॅक मिसळले गेलेलेच नाहीत. जसे टेपवर होते तसे तीन स्पीकरांतून येतात. पण त्यासाठी मधला स्पीकर बाकीच्या दोघांच्याच मॉडेलचा, निदान त्याच घराण्याचा हवा आणि तिन्ही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. टीव्हीखाली आडवा ठेवलेला होम थिएटरचा छोटा सेंटर स्पीकर लावलात तर संपूर्ण लाकडी विभाग डब्यात बसल्यासारखा वाजतो. त्यापेक्षा दोन चॅनलांचा थर ऐकलेला बरा. या डिस्क हायब्रिड असल्यामुळे साध्या सीडी प्लेअरवरही वाजतात, मात्र तिथे फक्त सीडीचा थर मिळतो.

‘झरथुष्ट्र’ : एसएसीडी का

सुरुवातीचा ऑर्गनचा आणि डबल बासचा ‘सी’ सुमारे ३३ हर्ट्झचा आहे. कुठल्याही सहा इंची वूफरच्या बुकशेल्फ स्पीकरला तो पूर्ण वजनाने काढता येत नाही. तुम्हाला ऐकू येतात ती त्याची वरची आवर्तने. एलपीवर याच पट्टीत टर्नटेबलच्या बेअरिंगची घरघर येऊन मिसळते. त्याहून खाली रेकॉर्डच्या वाकण्याचे हेलकावे असतात, ज्यांनी वूफरचा कागद नुसताच आत-बाहेर हलतो आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद वाया जाते. फोनो प्रीअ‍ॅम्पवर (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) २० हर्ट्झखालचे कापणारी कळ असेल तर ती या रेकॉर्डसाठी लावायलाच हवी. तेवढ्याने ऑर्गन पातळ होत नाही. याच जागी टेपची आणखी एक खूण ऐकू येऊ शकते : शांततेत पुढच्या आघाताची पुसट आगाऊ चाहूल. रिळावर टेपचे थर एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षे राहिले की एका थरावरचे चुंबकत्व शेजारच्यावर उमटते. ३० इंच वेगाच्या टेपवर ही चाहूल अर्ध्या ते एक सेकंद आधी येते. चाहूल बरोबर १.८ सेकंद आधी येत असेल तर ती टेपची नाही; ती रेकॉर्डच्या शेजारच्या खाचेची, एका फेरीच्या अंतरावरची.

खरी अडचण मात्र शेवटाला आहे. श्ट्राउसने रचना मिटवताना वर सुषिर वाद्यांत ‘बी’ मेजर ठेवला आहे आणि खाली डबल बासच्या छेडण्यातून ‘सी’. दोन्ही अतिशय हळू. हा न सुटलेला विसंवाद म्हणजे रचनेचा मुद्दाच आहे. एलपीवर तो सगळ्यात आतल्या खाचेत, पृष्ठभागाच्या आवाजाच्या काठावर येतो. चांगल्या प्रतीवर ऐकू येतो, पण कान टवकारावे लागतात. त्यात रचना मध्येच तोडून बाजू उलटावी लागते. एसएसीडीवर हे काहीच होत नाही. सळसळ आहे, ती १९५४ च्या टेपचीच आहे, आणि तिच्याआड बासची छेड स्वच्छ दिसते. ही टेप दोन ट्रॅकचीच असल्यामुळे इथे तीन चॅनलांचा लाभ नाही, आणि त्याची गरजही भासत नाही. त्याच डिस्कवर ‘हेल्डनलेबन’ही मिळते.

कुब्रिकच्या ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ या चित्रपटामुळे ज्यांना ही सुरुवात पाठ आहे त्यांच्यासाठी एवढेच : चित्रपटात वाजते ती रायनरची नव्हे, कारायान आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकची, १९५९ ची डेक्काची टेप आहे. रायनरकडे तेवढा भव्य सोहळा नाही. तो घाईत नसतो, पण थांबून मिरवतही नाही.

एलपीला न मानवणाऱ्या रचनेचे ठळक उदाहरण म्हणजे रेस्पिगीचे ‘पाइन्स ऑफ रोम’. रायनरचे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९५९ चे, अप्रतिम. पण शेवटच्या भागात आप्पियन रस्त्यावरून रोमन सैन्य चालत येते आणि आवाज शेवटच्या मापापर्यंत वाढतच जातो, ऑर्गनसकट. म्हणजे सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात अरुंद जागेत. हिशेब बघा. ३३⅓ वेगाला बाहेरच्या काठाशी खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. आत, ६ सेंटिमीटर त्रिज्येवर, फक्त २१. तिथे १० किलोहर्ट्झच्या एका लाटेला २१ मायक्रॉन जागा उरते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉन. ती त्या लाटेच्या दरीत उतरूच शकत नाही, वरून घसरत जाते, आणि झांजांचा ‘श्श’ असा चिंधड्या उडालेला आवाज येतो. त्यासाठी अरुंद धारेची, लाइन कॉन्टॅक्ट किंवा मायक्रोरिज जातीची सुई हवी. ४५ वेगाने कापलेली आवृत्ती मिळाली तर त्याच जागी २१ ऐवजी २८ सेंटिमीटर मिळतात. हा फरक कुठल्याही २०० ग्रॅमपेक्षा मोठा आहे. नाहीतर डिजिटल घ्या आणि मोकळे व्हा.

दोष टेपचा की तबकडीचा

या टेपांवर काही ठिकाणी आवाज मुळातच भरून गेलेला आहे. पितळी वाद्ये आणि ढोल एकदम कोसळले की टेप संपृक्त झाली. तेव्हाच्या अभियंत्यांनी सळसळ झाकण्यासाठी पातळी वर ठेवली होती. हे कुठल्याही आवृत्तीत दुरुस्त होत नाही. म्हणून रेकॉर्ड परत पाठवण्याआधी तीच जागा एसएसीडीवर किंवा स्ट्रीमिंगवर ऐका. तिथेही तसाच चिरकत असेल तर तो टेपचा वारसा आहे. फक्त एलपीवर असेल आणि बाजूच्या शेवटी शेवटी वाढत जात असेल, तर सुईची जुळणी तपासा. आणि फक्त एका चॅनलमध्ये, बहुधा उजव्यात, कापड फाडल्यासारखा ‘झर्रर’ आवाज काही फेऱ्यांपुरता येत असेल, तर छपाईच्या वेळी साच्यात व्हिनाइल नीट भरलेले नाही. हा दोष कितीही धुवा, जात नाही. प्रत बदलूनच घ्यायची.

मध्यावर नसलेले भोक हा दुसरा. अर्धा मिलिमीटर भोक सरकले, तर आतल्या खाचेत वेग दर फेरीला वर-खाली ०.८ टक्क्यांनी झुलतो. स्वराच्या भाषेत दोन्ही बाजूंना सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). आपल्याकडची प्रमाण श्रुती २२ सेंटची, म्हणजे हा झोका टोकापासून टोकापर्यंत एका श्रुतीहून मोठा झाला. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो ओबो किंवा व्हायोलिनच्या लांब स्वरात लगेच खुपतो, जलद भागात बहुतेकांना कळतही नाही. पारख सोपी : आर्म (सुईचा दांडा) आत पोचल्यावर बाजूने बघा. हेडशेल (दांड्याचे सुईकडचे टोक) दर १.८ सेकंदाला डावी-उजवीकडे डोलताना डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल, तर फोन काढून चित्रफीत घ्या.

जुळणीबद्दल दोन गोष्टी. २०० ग्रॅमची रेकॉर्ड १४० ग्रॅमच्या रेकॉर्डपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. नऊ इंची आर्मवर सुईचा उभा कोन एक अंशाने बदलायला मागचा खांब चार मिलिमीटर हलवावा लागतो, म्हणजे ही जाडी कोनात अंशाचा आठवा भाग बदलते. त्यासाठी दर रेकॉर्डला आर्म वर-खाली करत बसणे हा निव्वळ नाद आहे. त्यापेक्षा सुईवरचे वजन कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवा. हलकी सुई रेकॉर्ड वाचवत नाही; ती खाचेत उडते आणि भिंती खरवडते. दुसरी गोष्ट, स्टीरिओ रेकॉर्डना ‘डेक्का कर्व्ह’, ‘कोलंबिया कर्व्ह’ (कंपन्यांची जुनी खर्ज-तार जुळवणी) लावायची टूम. या सगळ्या आवृत्त्या आरआयएए या एकाच ठरलेल्या प्रमाणाने कापलेल्या आहेत. बटणे फिरवून जे वेगळे ऐकू येते ते नुसते टोन कंट्रोल आहे.

मर्क्युरी आणि डेक्का

आरसीएचा शेजार म्हणून या दोन कंपन्यांकडे बघावे लागते, कारण टेपचे गणित तिथे वेगळे पडते. मर्क्युरीच्या ‘लिव्हिंग प्रेझेन्स’मध्ये अभियंता बॉब फाइन वाद्यवृंदापुढे फक्त तीन मायक्रोफोन टांगत. तीन ट्रॅक, आणि १९६१ पासून बऱ्याचदा टेपऐवजी ३५ मिलिमीटरची चुंबकीय फिल्म. आवाज जवळचा, कोरडा, जोरकस. संचालक दोराती आणि लंडन सिम्फनीचे स्ट्राविन्स्कीचे संपूर्ण ‘फायरबर्ड’, जून १९५९, वॉटफर्ड टाउन हॉल, हे या पद्धतीचे सर्वोत्तम रूप. आता गंमत अशी की या मालिकेची निर्माती विल्मा कोझार्ट फाइन हिने १९९० पासून सीडी स्वतः तयार केल्या. मूळ तीन ट्रॅक मूळ यंत्रांवर वाजवून, तिथल्या तिथे दोनात मिसळून, थेट डिजिटलमध्ये. ज्या बाईने मूळ मिश्रणे केली होती तिनेच पुन्हा केली, मधली नक्कल वगळून. त्यामुळे जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळणारी ती सीडी काही महागड्या एलपींपेक्षा मूळ टेपच्या एक पिढी जवळ आहे. व्हिनाइलप्रेमींना हे पचत नाही, पण वस्तुस्थिती आहे. एलपीच हवी तर जर्मनीतल्या स्पीकर्स कॉर्नरची घ्यावी. मर्क्युरीचे चायकोव्स्कीचे ‘१८१२ ओव्हर्चर’ मात्र कुठल्याही रूपात घेताना आवाज आधी कमी करा. १९५८ च्या त्या ध्वनिमुद्रणातली खऱ्या तोफेची खाच अनेक सुया बाहेर फेकते.

डेक्काकडे तीन ट्रॅकचा प्रश्नच नाही. संचालकाच्या डोक्यावर, जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंच, टी आकाराच्या सांगाड्यावर तीन न्यूमन एम ५० मायक्रोफोन, कडेला आणखी दोन, आणि सगळे मिश्रण ध्वनिमुद्रणाच्या वेळीच दोन ट्रॅकमध्ये. अभियंता रॉय वॉलेस यांनी मे १९५४ मध्ये जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये संचालक अन्सर्मेसाठी ही वाट घातली. समतोल तेव्हाच पक्का झाल्यामुळे पुढच्या कटिंग करणाऱ्याच्या हाती लुडबुड करायला फारसे काही उरत नाही. म्हणून डेक्काच्या चांगल्या आवृत्त्या एकमेकींसारख्या निघतात आणि आरसीएच्या निघत नाहीत. अन्सर्मेचे ‘थ्री कॉर्नर्ड हॅट’, १९६१, गायिका तेरेसा बेर्गान्झासह, पहिली खरेदी म्हणून उत्तम. संचालक आर्हेन्ताचे ‘एस्पान्या’ लंडनच्या किंग्जवे हॉलचे आहे. त्या हॉलखालून पिकॅडिली लाइन जात असे, आणि चांगल्या सबवूफरवर शांत जागी भुयारी गाडीची गुरगुर खरोखर ऐकू येते. तुमच्या टर्नटेबलला दोष देण्याआधी डिजिटल प्रतीत ती आहे का बघा. यांतला किंग्जवे हॉल आता नाही, व्हिक्टोरिया हॉल १९८४ मध्ये जळाला आणि पुन्हा उभारला गेला, शिकागोचा ऑर्केस्ट्रा हॉल १९६६ मध्ये आतून बदलला. या टेपांची किंमत काही अंशी त्या खोल्यांची आहे.

लंडनच्या इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग कंपनीच्या काही शे पौंडांच्या, मोजक्या प्रतींच्या आवृत्त्यांबद्दल एवढेच की त्या जुन्या व्हॉल्व्ह यंत्रांवर प्रामाणिकपणे कापलेल्या असतात आणि घेणाऱ्याला बहुधा वाजवण्यापेक्षा ठेवायच्या असतात.

लेबल वाचताना

युरोपात १९६३ च्या आधीची ध्वनिमुद्रणे हक्कमुक्त झालेली आहेत. त्यामुळे कुणीही सीडीवरून रेकॉर्ड कापून, वर ‘१८० ग्रॅम ऑडिओफाइल व्हिनाइल’ छापून विकू शकतो आणि विकतोही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ओळखायचे कसे? कटिंग करणाऱ्याचे नाव नाही, टेपचा उल्लेख नाही, मूळ कंपनीचा परवाना नाही, कव्हरचे चित्र मूळ नाही किंवा मूळ चित्राची धूसर नक्कल आहे. खऱ्या आवृत्तीत लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कापणाऱ्याची खूण कोरलेली असते : रायन स्मिथची ‘आरकेएस’, ग्रंडमनची ‘बीजी’. विक्रेत्याकडून त्या पट्टीचा फोटो मागा; देत नसेल तर पुढे चला.

‘मूळ मास्टर टेपवरून’ हे शब्दही पुरेसे नाहीत. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या अनेक एलपी, टेप आणि तबकडीच्या मधे डीएसडीची पायरी घेऊन, कापल्या गेल्याचे उघड झाले तेव्हा ज्यांनी त्या वर्षानुवर्षे निव्वळ अ‍ॅनालॉग म्हणून वाखाणल्या त्यांचीच पंचाईत झाली. यातून डीएसडी वाईट असे सिद्ध होत नाही, उलटच होते. पण अ‍ॅनालॉगसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर ‘पूर्णपणे अ‍ॅनालॉग साखळी’ असे स्पष्ट लिहिलेले हवे.

मुंबई-पुण्यात मागवताना

अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सची एक रेकॉर्ड अमेरिकेत साधारण ३० ते ४० डॉलरला येते. पण एकटीच मागवली तर टपालखर्च, कस्टम ड्युटी आणि कर मिळून घरपोच किंमत दुपटीच्या आसपास जाऊ शकते. चार-पाच जणांनी मिळून एकच खोका मागवला की टपालाचा भार वाटला जातो. युरोपातून मागवताना निर्यातीसाठी तिथला व्हॅट वजा होतो की नाही हे आधी विचारून घ्या. काही दुकाने स्वतःहून करत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये मागवू नये. व्हिनाइल ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते आणि नागपूरच्या उन्हात उभ्या कुरियरच्या गाडीत आतले तापमान तिथवर सहज जाते. पार्सल आले की लगेच फोडू नका. काही तास खोलीत राहू द्या. मग मात्र बाहेरचे घट्ट पारदर्शक वेष्टन काढून टाका. ते आणखी आकसते आणि कव्हरसकट रेकॉर्ड वाकवते.

पावसाळ्यात कोकण आणि मुंबईच्या हवेत कागदी आतली पिशवी ओल धरते आणि बुरशीचे पांढरट ठिपके खाचेत उतरतात. कागदी पिशवी बाजूला ठेवून एचडीपीई प्लास्टिकची लावा. मऊ, चिकट पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्यांचा थर रेकॉर्डवर चढतो. रेकॉर्डी उभ्याच, भिंतीपासून चार बोटे लांब, आणि कप्प्यात सिलिका जेल; ते दर महिन्याला तापवून पुन्हा कोरडे करा. बुरशी दिसलीच तर आधी कोरडा ब्रश फिरवू नका, ती खाचेत आणखी दाबली जाते. डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोग्राफीच्या वेटिंग एजंटचे एक-दोन थेंब घालून ओले करा, दोन मिनिटे मुरू द्या, मग यंत्राने शोषून घ्या किंवा स्वच्छ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने टिपा, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा. नळाचे पाणी वापरलेत तर क्षार खाचेत वाळतात आणि नवीच चटचट सुरू होते. नवी रेकॉर्डही एकदा अशी धुऊन घ्यावी. छपाईच्या वेळची धूळ आणि कागदाचे तंतू त्यात निघून जातात.

दोष निघाला तर परत पाठवण्याचा खर्च बहुधा रेकॉर्डपेक्षा जास्त येतो. म्हणून आल्यापासून आठवड्याच्या आत दोन्ही बाजू पूर्ण ऐका आणि विक्रेत्याला बाजू, भाग, मिनिट आणि सेकंद लिहून, आवाजाची छोटी फाइल आणि डोलणाऱ्या हेडशेलची चित्रफीत जोडून पाठवा. ‘आवाज खराब आहे’ एवढ्यावर कुणी बदली देत नाही. ‘बाजू दोन, चौथा भाग, शेवटच्या व्हायोलिन स्वरात दर १.८ सेकंदाला झोका’ असे लिहिले की बऱ्याचदा जुनी परत न मागता दुसरी प्रत येते.